कंट्रोल-एस नावाचं भूत

चिंचवडला बसून चाकणच्या कारखान्यातल्या सर्व्हरवर काम चाललेलं असतं. रात्री अडीचला स्क्रीन गोठतो. "नेटवर्क गेलं रे!" म्हणत कोणीतरी खिडकी बंद करतं आणि तासभर चाललेला जॉब मध्येच मरतो. हे मी दोन-तीनदा पाहिलंय. नेटवर्क बिचारं ठणठणीत असतं... फाइल सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं, बस्स!

याचं मूळ १९६३ सालच्या टेलिटाइप मॉडेल ३३ मध्ये. सेकंदाला १० अक्षरं छापणारं हे धूड, मजकूर वाचायचं कागदी पट्टीवरून. आस्की संकेतात 'एस' म्हणजे ८३. कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा, उरले १९. अर्थ: पट्टी थांबव. 'क्यू' ८१, म्हणून १७: पट्टी चालू कर. पुढे पट्ट्या गेल्या, टेलनेट आलं, १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेनचं एसएसएच आलं. १९ मात्र अजून तसाच! तो इमानदारीत चाकणला पोचतो आणि तिथलं टर्मिनल निमूटपणे थांबतं.

तेव्हा आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. लाइन खरंच तुटली असेल तर एंटर, टिल्डे, टिंब. हे तुमच्याकडचं एसएसएच स्वतःच गिळतं, चाकणला कळतही नाही.