कराबीन, कान आणि कायदा

अमेरिकेंत पुष्कळ गृहस्थ घराच्या रक्षणासाठीं बंदूक बाळगतात. ती निवडतांना वजन, किंमत आणि मारा यांची चौकशी बारकाईनें होते. परंतु बंद खोलींत तिचा बार उडाल्यास घरच्या माणसांच्या कानांचें काय होईल, हा प्रश्न बहुधा शेवटीं येतो. तो असा मागें कां पडला, याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तोच आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

कराबीन म्हणजे आखूड नळीची बंदूक. घोड्यावर बसून लांब बंदूक हाताळणें अवघड, म्हणून युरोपांतील घोडदळानें ती पत्करली. पुढें १९४१ सालीं अमेरिकन सैन्यानें ‘एम-१’ कराबीन स्वीकारली. तिचें वजन पांच रत्तलांहून किंचित् अधिक व नळी १८ इंचांची होती. महायुद्ध संपेपर्यंत अशा साठ लाखांहून अधिक कराबिनी तयार झाल्या, आणि नंतर त्यांपैकीं पुष्कळ नागरिकांच्या हातीं गेल्या. जिन्यांत व दारांत वळवावयास सोईची म्हणून आखूड बंदूक घरांतही आवडती झाली.

परंतु या आखूडपणाची किंमत कानाला द्यावी लागते. गोळी बाहेर पडतांच तिच्यामागील जळत्या दारूचा वायु मोठ्या दाबानें मोकळा होतो. बाराचा आवाज मुख्यतः त्याचाच. नळी जितकी आखूड, तितका हा दाब अधिक, आणि नळीचें तोंडही कानाच्या तितकेंच जवळ. माळरानावर हा आवाज पसरून जातो. खोलींत भिंती व छत तो परत फेकतात. अशा क्षणिक आवाजासाठीं १४० डेसिबेल ही धोक्याची मर्यादा मानली जाते. कराबिनीचा बार १६० च्या आसपास, कधीं त्याहूनही वर जातो. आणि २० डेसिबेल चढले कीं ध्वनीचा दाब दसपट होतो. मोठा आवाज होतांच कानांतील चिमुकले स्नायू आखडून अंतःकर्णाचें रक्षण करूं पाहतात. परंतु ते आखडण्यापूर्वींच बार होऊन गेलेला असतो. अंतःकर्णांतील सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या कीं माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत.

हा अनुभव नवा नव्हे. १८८४ च्या सुमारास आपली सुप्रसिद्ध मशीनगन जगापुढें आणणारा हिराम मॅक्सिम वर्षानुवर्षें तोफा-बंदुकांच्या आवाजांत वावरला, आणि उतारवयांत जवळजवळ ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हिराम पर्सी मॅक्सिम याचें नांव आकाशवाणीच्या श्रोत्यांस आणखी एका कारणानें जवळचें वाटावें; १९१४ सालीं अमेरिकेंतील हौशी रेडिओवाल्यांची मोठी संघटना उभी करणाऱ्यांत तो प्रमुख होता. याच पुत्रानें ३० मार्च १९०९ रोजीं बंदुकीच्या सायलेन्सरचें पेटंट मिळविलें. नळीच्या तोंडाशीं बसविलेल्या या नळकांड्यांत वायु कोंडून, फिरवून हळूहळू बाहेर सोडला जातो. शेजाऱ्यांस उपद्रव न देतां नेमबाजी करतां यावी, हा त्याचा सरळ हेतु होता.

पण निःशब्द बंदूक चोरशिकाऱ्यांच्या आणि खुन्यांच्या हातीं पडेल, ही धास्तीही तिकडे लवकरच प्रकट झाली. दारूबंदीच्या काळांतील टोळीयुद्धांनंतर १९३४ सालीं अमेरिकेनें राष्ट्रीय बंदूक कायदा केला. त्यांत मशीनगन, फार आखूड नळीची बंदूक आणि सायलेन्सर यांस एकाच पंक्तीस बसवून प्रत्येकावर २०० डॉलरांचा कर व नोंदणीची सक्ति लादली. कांहीं डॉलरांना मिळणाऱ्या वस्तूवर २०० डॉलरांचा कर म्हणजे जवळजवळ बंदीच. रायफलीच्या नळीची किमान लांबी १९६० पासून १६ इंच ठरली. आजच्या घरगुती कराबिनीची नळी बहुधा तेवढीच असते, तें यामुळेंच. आवाजाकडे गुन्ह्याची वर्दी म्हणून पाहिलें गेलें; कानाची इजा म्हणून फारसें कोणी पाहिलें नाहीं. नॉर्वे व फिनलंड येथें मात्र शिकाऱ्यानें सायलेन्सर लावणें हें शिष्टाचारास धरूनच समजतात. अमेरिकेनेंही २०२५ च्या कायद्यानें १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील हा कर शून्यावर आणला. नोंदणी तेवढी ठेवली.

तथापि सायलेन्सर हें नांव फसवें आहे. त्यानें २० ते ३० डेसिबेल आवाज कमी होतो, नाहींसा होत नाहीं. आणि ध्वनीहून वेगवान् गोळीचा कडाका तर राहतोच. कानांत बोळे घालावेत, तर रात्रींच्या गडबडींत त्यांस वेळ कोठला? आणि घातलेच, तर पावलें ऐकूं येत नाहींत. हलका आवाज आंत सोडून मोठा अडविणारीं विद्युत्-कर्णकवचें आतां निघालीं आहेत. परंतु तींही हाताशीं असलीं तरच उपयोगी.

खरी अडचण येथें आहे. अंधारांत दाराशीं आलेला चोर आहे कीं उशिरां परतलेला आपलाच मुलगा आहे, हें प्रथम कानच सांगतो. पहिला बार होतांच तो कान बधिर होतो. मग कोणाची हांक, कोणाचा हुंदका कांहींच कळत नाहीं. म्हणून घरासाठीं कराबीन निवडणाऱ्यानें नळीच्या इंचांबरोबर घरांतील कानही मोजावेत. त्यांत शेजारच्या खोलींत निजलेल्या मुलांचे कानही आले; त्यांना तर बाराची पूर्वसूचनाही मिळत नाहीं.