अर्जापासून जाहीरनाम्यापर्यंत

‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे लिहा’ हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी शालेय जीवनात कधीतरी सोडवला असेल. चहावरील कर हे त्यातले एक कारण सर्वांच्याच स्मरणात राहते. परंतु १७७३ च्या कायद्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत महागला नव्हता; उलट तो स्वस्त होणार होता. मग त्याच चहाच्या ३४२ पेट्या बोस्टनच्या बंदरात का बुडवल्या गेल्या?

१७६३ साली सप्तवार्षिक युद्ध संपले. ब्रिटनने फ्रान्सवर विजय मिळवला, पण राष्ट्रीय कर्ज १३ कोटी पौंडांच्या घरात गेले. अमेरिकेतील सैन्याच्या खर्चाचा काही भार तेथील वसाहतींनी उचलावा, असे लंडनच्या राज्यकर्त्यांना वाटले. १७६५ च्या मुद्रांक कायद्याने वृत्तपत्रे, न्यायालयीन कागदपत्रे, इतकेच नव्हे तर खेळण्याच्या पत्त्यांवरही कर बसला. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिने आमच्यावर कर कोणत्या अधिकाराने लादावा, असा सवाल वसाहतींनी केला. हा सवाल बंडखोरांचा नव्हता. स्वतःला राजाचे एकनिष्ठ प्रजाजन म्हणवणाऱ्यांचा होता.

पुढच्या वर्षी तो कायदा रद्द झाला. मात्र त्याच वेळी, वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे, असे पार्लमेंटने दुसऱ्या कायद्याने घोषित केले. १७६७ मध्ये काच, कागद, शिसे, रंग आणि चहा यांवर जकात बसली. १७७० मध्ये बाकीची जकात उठली. चहावरची तेवढी अधिकाराची खूण म्हणून राखून ठेवण्यात आली. स्वस्त चहा विकत घेणे म्हणजे तो अधिकार मान्य करणे, हे बोस्टनकरांनी ओळखले होते.

चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बोस्टनचे बंदर बंद करण्यात आले आणि मॅसॅच्युसेट्सच्या स्वशासनावर घाला पडला. आज बोस्टन, उद्या आपण, या जाणिवेने बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र आले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन येथे गोळ्या झडल्या. तरीही जुलैमध्ये त्यांनी तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज धाडला. राजाने तो स्वीकारलाच नाही. उलट वसाहती बंडखोर ठरवल्या. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनने एका पुस्तिकेतून राजेशाहीवरच प्रहार केला आणि ४ जुलै रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला गेला.

त्या जाहीरनाम्याचा मोठा भाग म्हणजे राजाविरुद्धच्या गाऱ्हाण्यांची यादीच आहे. त्यांतली कित्येक गाऱ्हाणी जुनीच होती. पण आता ती राजापुढे नव्हे, जगापुढे मांडलेली होती. दाद मागणारे प्रजाजन याच टप्प्यावर क्रांतिकारक झाले.

सर्व माणसे समान आहेत, असे सांगणाऱ्या त्या जाहीरनाम्याने गुलामांना मात्र मुक्त केले नाही. त्यासाठी १८६५ पर्यंत थांबावे लागले. पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. ‘कोणत्या अधिकाराने?’ हा प्रश्न एकदा विचारला गेला, की तो विचारणाऱ्यांपुरता उरत नाही. हीरक महोत्सवी वर्षात आपल्या शाळेतील मुलांनी कारणांच्या यादीबरोबर हा प्रश्नही लक्षात ठेवावा, एवढीच अपेक्षा.