थांब्यावरची भाकरी : पुण्यातील वाहनचालकांच्या जेवणाचा इतिहास

पुण्यात बैलगाडी, टांगा, रिक्षा, टेम्पो किंवा बस चालवून उपजीविका करणाऱ्यांच्या जेवणाचा इतिहास वरवर पाहता पदार्थांचा वाटतो. वस्तुतः तो थांबण्याच्या सोयीचा इतिहास आहे. गिरणीत किंवा कचेरीत काम करणाऱ्याची जागा ठरलेली असते आणि म्हणून जेवण त्याच्याकडे पाठवता येते. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी मुंबईत सुरू केलेली आणि पुढे मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या माणसांनी नावारूपाला आणलेली डबेवाल्यांची व्यवस्था या ठरलेल्या जागेच्याच आधारावर उभी राहिली. वाहनचालकाला पत्ता नसतो. त्याने जेवण बरोबर तरी न्यावे किंवा तो जिथे थांबतो तिथे ते मिळावे, एवढेच दोन मार्ग उरतात, आणि पुण्यातील या विषयाची सारी हकिकत या दोन मार्गांमधली आहे.

पहिला मार्ग अर्थातच जुना. १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, बोरघाटातून चाकाच्या वाहनांना योग्य असा रस्ता खुला झाला आणि त्याआधी मुख्यतः लदाऊ बैलांच्या पाठीवरून होणारी पुणे-मुंबई मालवाहतूक गाड्यांवर येऊ लागली. १८५८ मध्ये रेल्वे खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आली, तरी घाटातला लोहमार्ग पूर्ण व्हायला १८६३ उजाडले; तोवर आणि त्यानंतरही आडमार्गांवर गाडीवान हाच वाहतुकीचा कणा होता. त्याच्या फडक्यात बांधलेल्या शिदोरीत, म्हणजे प्रवासासाठी बरोबर घेतलेल्या अन्नात, ज्वारी-बाजरीची भाकरी, कांदा, लसणाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि झुणका असे. पिठले पातळ आणि झुणका कोरडा हा फरक घरातल्या ताटात चवीचा असला, तरी शिदोरीत तो टिकाऊपणाचा होता, कारण ओले कालवण फडक्यातून झिरपते आणि उन्हात आंबते. लांबच्या मजलेसाठी दशम्या करत. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली भाकरी, जी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि तोडायला ताटवाटी मागत नाही.

या अन्नाची योग्यता केवळ गरिबीच्या नाइलाजात शोधणे अन्यायाचे ठरेल. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला बाहेरूनच मिळवावे लागणारे अमिनो आम्ल कमी असते आणि हरभऱ्याच्या डाळीत ते भरपूर असते, त्यामुळे भाकरी आणि बेसनाचा झुणका एकत्र खाल्ल्यावर एकाची उणीव दुसरे भरून काढते. शिवाय ज्वारीतील तंतुमय भागामुळे पोट बराच वेळ भरलेले राहते, जो गुण दिवसभर बसून काम करणाऱ्याला विशेष उपयोगी आहे. पोषणशास्त्राने हे समजावून देण्याच्या कितीतरी आधी देशावरच्या स्वयंपाकघरांनी ही जोडी पक्की केली होती.

गाडीवानाकडे आणखी एक गोष्ट होती, जी पुढच्या चालकांना राहिली नाही. बैलाला पाणी पाजावे लागते, वैरण टाकावी लागते, त्याचे जू उतरवून त्याला बसू द्यावे लागते. टांग्याच्या घोड्यालाही चंदी, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्यासारखा खुराक, वेळेवर द्यावाच लागतो. जनावराची विश्रांती हीच माणसाची जेवणाची वेळ होती. इंजिनाने ही सक्ती संपवली, आणि चालकाच्या जेवणाची खरी आबाळ तिथून सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही.

मोटारवाहतुकीचा विस्तार स्वातंत्र्यानंतर झपाट्याने झाला. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस अहमदनगर आणि पुणे यांच्या दरम्यान धावली, १९५० मध्ये पुणे महानगरपालिकेची पीएमटी ही शहर बससेवा सुरू झाली, आणि त्याच सुमारास टांग्यांच्या अड्ड्यांवर तीनचाकी रिक्षा दिसू लागल्या. जनावराकडून मिळणारी सुटी आता कायद्याला द्यावी लागली. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सलग पाच तासांपेक्षा अधिक काम करण्यापूर्वी किमान अर्धा तास विश्रांती सक्तीची केली, आणि जिथे शंभर किंवा अधिक कामगार कामासाठी रोज येतात अशा ठिकाणी उपाहारगृहाची तरतूद मालकावर टाकता येईल असे ठरवले. बस आगारातील कँटीनला या कायद्याचा आधार होता. मात्र स्वतःची किंवा भाड्याची रिक्षा एकट्याने चालवणाऱ्याला नोकरीवर ठेवणारा मालकच नसल्याने त्याच्यापुरता हा सारा कागद कोराच राहिला.

त्याची भूक मग रस्त्यावरच्या सोयीने भागू लागली. अमृततुल्यचा, म्हणजे दुधात भरपूर साखर घालून उकळलेल्या आणि पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी रुजवलेल्या चहाचा, एक कप, इराण्याकडचा बनमस्का, पुढे वडापाव आणि मिसळ. हे पदार्थ चविष्ट आणि झटपट खरे, पण रोजचे जेवण म्हणून पाहिले तर मिसळीतली उसळ सोडता त्यांत मैदा, तेल आणि साखर यांचाच भरणा अधिक. पेठांमधल्या खानावळी घरगुती जेवण देत, पण त्यांची वेळ ठरलेली, पैसे महिन्याचे, आणि दारात रिक्षा उभी करायला जागा नाही. विद्यार्थ्याला सोयीची असलेली ही रचना चालकाच्या कामाची नव्हती.

या पार्श्वभूमीवर १९७४ मध्ये हमाल पंचायतीने सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ या उपक्रमाचे महत्त्व नीट कळते. नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात नाना आणि भवानी पेठेतील घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांची ही संघटना उभी केली होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर सुकडी आणि रेशनवर परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेल्या महाराष्ट्रात धान्याची महागाई अजून ओसरली नव्हती. अशा वेळी संघटनेने मजुरीवाढीच्या मागणीला स्वयंपाकघराची जोड दिली, आणि त्या घराला ना नफा ना तोटा हे तत्त्व लावले. रोजच्या बेतात भाकरी, झुणका, भाजी, आमटी असे साधे पदार्थ होते, आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायकांच्या हाताला त्यातून नियमित पगाराचे काम मिळाले. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था स्थापन केली. दोन्ही प्रयत्न एकाच काळाचे असले, तरी मुंबईत संघटना स्वयंपाक करणाऱ्या बायकांची होती आणि पुण्यात ती जेवणाऱ्यांची होती.

उपक्रम हमालांसाठी निघाला, तरी शहरातील केंद्रांवर रिक्षावाले, टेम्पोचालक आणि बाहेरगावचे प्रवासीही येऊ लागले. बाबा आढावांचेच नेतृत्व लाभलेल्या रिक्षा पंचायत या रिक्षाचालकांच्या संघटनेमुळे हे नाते अधिक घट्ट झाले. महत्त्वाचे हे की केंद्रावर उभ्याने खाता येई, हवी तेवढीच भाकरी घेता येई आणि कागदात बांधून गाडीतही नेता येई; म्हणजे शिदोरी घरातून निघण्याऐवजी थांब्यावर तयार होऊ लागली.

शासनाने १९९५ मध्ये हाच पदार्थ उचलला. शिवसेना-भाजप युती सरकारच्या योजनेत एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली, पण तो दर अनुदानावर टिकलेला होता आणि केंद्राची मोक्याची जागा ही भाकरीपेक्षा मोलाची वस्तू ठरली. अनेक ठिकाणी झुणक्याच्या पाटीखाली वडे आणि शीतपेये विकली जाऊ लागली आणि काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली. हमाल पंचायतीच्या भाकरीला दर परवडतो की नाही हे खाणारे आणि चालवणारे एकाच संघटनेत बसून ठरवत होते. सरकारी केंद्रात तसा कोणी नव्हता.

दरम्यान रस्ताच बदलला. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वाटेल तिथे थांबण्यास मनाई असल्याने जुन्या महामार्गावरच्या टपऱ्या आणि ढाबे चालकाच्या आवाक्याबाहेर गेले आणि ठरावीक फूड मॉलमधले दर स्वीकारणे किंवा डबा बरोबर घेणे, एवढाच पर्याय उरला. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांसाठी रात्रपाळीत मोटारी चालवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा: त्यांच्या जेवणाच्या वेळी पेठांतली पोळीभाजी केंद्रे बंद असतात. त्यात एकेकाळी गरिबाची समजली जाणारी ज्वारी आता बहुधा गव्हापेक्षा महाग मिळते, त्यामुळे हॉटेलातही भाकरीचा दर पोळीच्या वर गेला आहे.

२६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झालेल्या राज्य सरकारच्या शिवभोजन थाळीत दोन पोळ्या, भाजी, भात आणि वरण होते. पण ती आरंभी दुपारी बारा ते दोन एवढ्याच वेळेत आणि बसून खाण्यासाठी होती, म्हणजे खानावळीची जुनी अट नव्या दरात परत आली. दोन महिन्यांत करोनाची टाळेबंदी लागली, दर पाच रुपयांवर आला, वेळ वाढली आणि केंद्रांवर बसून खाण्याऐवजी जेवण पाकिटात बांधून देण्यास सुरुवात झाली.