घाणेरी आणि कढीलिंब

नागपूरच्या सदरमधून सिव्हिल लाइन्सकडे निघाले, की अजब बंगला लागतो. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात आम्ही शाळेची मुले नेतो, शिलालेख नि पेंढा भरलेली जनावरे दाखवतो आणि परततो. तिथलेच क्युरेटर ई. ए. डी'अब्रू यांनी १९३१ साली मध्यप्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली, हे मात्र सांगायचे राहून जाते. तीत १७७ जाती आहेत. सत्याग्रहाच्या त्या धामधुमीत एक गृहस्थ इथे पंखांवरचे ठिपके न्याहाळीत होता, याचे मला भारी कौतुक वाटते.

बंगल्यांच्या कुंपणांना शोभणारी घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण मुलखातली. १९ व्या शतकाच्या आरंभी ती कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठी आली. पुढे पाखरांनी तिची काळी फळे खाऊन बिया रानोमाळ नेल्या. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, म्हणून ती कुंपणाला बरी. जंगलात मात्र त्याच गुणाने तिने चाऱ्याची जागा बळकावली. फुलपाखरांना तिचा मध फार प्रिय.

पण फूल ही फुलपाखराची खाणावळ, घर नव्हे. लिंबाचे फुलपाखरू मध पिते घाणेरीवर, आणि अंडी घालते लिंबू, संत्रा, बेल नाहीतर कढीलिंबाच्या कोवळ्या पानांवर. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवीगार होऊन पाने फस्त करते. संत्र्यांच्या नागपुरात तिला कोण जवळ करणार? बागाइतदाराशी माझा वाद नाही. कोवळी कलमे ओरबाडली गेली, तर नुकसान त्याचेच. पण अंगणातल्या कढीलिंबावर मीही एकदा औषध फवारले. फोडणीला पाने मिळाली. त्या वर्षी घाणेरी गेंदांनी लगडली, आणि तिच्यावर हे फुलपाखरू काही दिसले नाही.

आता अर्धा कढीलिंब अळ्यांचा. घाणेरी पावसाच्या तोंडाशी छाटतो, फळ धरण्याआधी गेंद खुडतो. नवे झुडूप लावणाऱ्याने नर्सरीतला लाल गुच्छांचा एक्झोरा आणावा, भरपूर उन्हात लावावा. तो रानात पळत नाही. कुंपणाबाहेर उगवलेली रुई उपटू नये, तीवरही एका जातीचा संसार असतो.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नागपूर नि आसपास १४५ जाती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या किती आमच्या फाटकापर्यंत येतात, ते मुलांनी वहीत लिहायला घेतले आहे. कोजागरीपर्यंत अकरा झाल्या.