साच्यातला माणूस

१८७७ साली रोदँ या फ्रेंच शिल्पकारावर एक आळ आला. त्याचा ‘ब्राँझयुग’ हा पुतळा इतका हुबेहूब होता की लोक म्हणाले, हा घडवलेला नाहीच. जिवंत माणसाच्या अंगावर प्लास्टर थापून साचा काढलाय. रोदँने पुतळ्यासाठी उभ्या राहिलेल्या बेल्जियन सैनिकाचे फोटो दाखवले, खुलासे केले. १८८० मध्ये सरकारने पुतळा विकत घेतला, तेव्हा कुठे प्रकरण मिटले. अंगावरून साचा काढणे ही तेव्हा शिल्पकाराची चोरीच समजली जाई.

शंभर वर्षांनी एका इंग्रज शिल्पकाराने हीच चोरी राजरोस केली, तीही स्वतःच्या अंगावरून. अँटनी गॉर्मली, जन्म लंडनचा, १९५०चा. केंब्रिजला पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र शिकून तो १९७१ मध्ये इकडे आला आणि भारत, श्रीलंका मिळून तीन वर्षे राहिला. ज्या सत्यनारायण गोएंकांनी पुढे १९७६ साली इगतपुरीचे केंद्र उभारले, त्यांच्याकडे तो विपश्यना शिकला. डोळे मिटून निश्चल बसायचे आणि देह आतून न्याहाळायचा. आणखी एक गोष्ट त्याने इथे पाहिली, जी आपल्याला रोज दिसते म्हणूनच दिसत नाही. फलाटावर, फुटपाथवर डोक्यापासून पायापर्यंत कापड ओढून झोपलेली माणसे. चेहरा नाही, नाव नाही. कापडाखाली नुसता आकार. त्याच दशकात त्याने एका मित्राला आडवे झोपवले आणि प्लास्टरमध्ये भिजवलेली चादर त्याच्यावर घातली. चादर कडक झाली, मित्र खालून सरकून बाहेर आला, मागे राहिली त्याची जागा. मला तर गॉर्मलीचे पुढचे सारे काम त्या चादरीखालचेच वाटते.

१९८१च्या सुमाराला त्याने पावाच्या हजारो कापांची एक गादी रचली आणि तिच्यातून आपल्या देहाच्या आकाराएवढा पाव खाऊन टाकला. मग आले साचे. अंगाला प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा, वर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या. हे काम करायची त्याची चित्रकार पत्नी विकेन पार्सन्स. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हलायचे नाही, आणि मग कवच कापून बाहेर यायचे. विपश्यनेची बैठक इथे कामी आली असणार! त्या कवचावर शिशाचे पत्रे ठोकून तो डाग देऊन जोडी. आत पोकळीच.

मूर्तीबद्दल संकोच बाळगणाऱ्या परंपरेत मी वाढलो. पण या आकृतींपुढे तो संकोच जागा होत नाही. त्यांना नाकडोळे जेमतेम आहेत, त्या कुणा थोराच्या नाहीत, हार मागत नाहीत. देह उभा आहे, वाकला आहे, जमिनीला टेकला आहे, एवढेच त्या सांगतात. नमाज पढणाऱ्याला ही भाषा परकी नाही.

लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बी किनाऱ्यावर अशा १०० ओतीव लोखंडी आकृती समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येकीचे वजन सुमारे ६५० किलो. सारे साचे त्याच्याच देहाचे, एकूण १७. हे शिल्प १९९७ मध्ये जर्मनीत उभे राहिले, नॉर्वे आणि बेल्जियम फिरून २००५ मध्ये इथे आले. भरतीला पाणी गळ्याशी येते, काही तर पार बुडतात. ओहोटीला त्याच आकृती शेवाळ आणि शिंपले अंगावर घेऊन पुन्हा उघड्या होतात. सुरक्षेच्या भीतीने २००६ मध्ये त्या हलवायचे ठरत होते. अखेर २००७ मध्ये त्यांना कायम परवानगी मिळाली. आता गंजणे चालू आहे.

एक आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. एका उंच, गोऱ्या, सुशिक्षित पुरुषाचा देह साऱ्या माणसांच्या वतीने का उभा राहावा? गॉर्मली म्हणेल, मला आतून ठाऊक असलेला देह हा एकच. उत्तर प्रामाणिक आहे, पुरेसे नाही. २००९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर त्याने साचा ठेवलाच नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेली २४०० साधी माणसे तिथे १०० दिवस, रात्रंदिवस, एकेक तास उभी राहिली. कुणी नाचले, कुणी फलक धरले, कुणी कपडे उतरवले. तास भरला की पुढच्याला जागा करून देऊन माणूस खाली उतरे.