खाकी, शुका आणि कांगा : सफारीच्या बॅगेतला इतिहास

१/
जुलै ते ऑक्टोबर हा मसाई माराचा हंगाम. लाखो वाइल्डबीस्ट सेरेंगेटीतून केनियात उतरतात आणि त्यांच्या मागोमाग पर्यटक. त्याआधी एक प्रश्न हमखास कानी येतो : बॅगेत कपडे कोणते भरावेत? उत्तरही ठरलेले असते : खाकी घ्या, म्हणजे तिथे मिसळून जाल.

पण मिसळायचे कुणात? गवतात, की माणसांत? नैरोबीच्या रस्त्यावर लोक जीन्स, टी-शर्ट, सूट, रंगीबेरंगी झगे अशा वेशात हिंडत असतात. त्यांतले पुष्कळसे कपडे म्हणजे ‘मितुम्बा’, युरोप-अमेरिकेतून गठ्ठ्यांनी येणारे आणि गिकोम्बाच्या बाजारात विकले जाणारे जुने कपडे. नखशिखान्त खाकीतला माणूस दिसला, तर तो पर्यटक तरी असतो, नाहीतर पर्यटकांना फिरवणारा. हे असे का झाले, त्याची ही कथा.

२/
‘सफारी’ हा स्वाहिली शब्द अरबीतून आला. आपली ‘सफर’ त्याच घराण्यातली. त्या शब्दात ना सिंह आहे, ना जीप. कोणताही प्रवास म्हणजे सफारी. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आत जाणारे व्यापारी तांडे ही खरी सफारी होती.

रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक हे १८५६ च्या डिसेंबरात मुंबईहून झांझिबारला निघाले आणि पुढच्या वर्षी अशाच तांड्यासह टांगानिका सरोवराकडे गेले. त्यांच्या हमालांच्या डोक्यावरच्या ओझ्यांत कापडाचे गठ्ठे होते. ते अंगावर घालण्यासाठी नव्हते, ते चलन होते. मुखियाला द्यावयाचा ‘होंगो’ नावाचा कर, धान्य, हमालांचा मोबदला, सारे कापडात चुकते होई. चार हात कापड म्हणजे एक ‘शुका’. दोन शुका म्हणजे एक ‘दोती’. हा दोती शब्द ओळखीचा वाटला ना? ते आपले धोतरच. हिंदी महासागर ओलांडून तिथे मापाचे एकक होऊन बसलेले.

कापडाचे प्रकारही बोलके होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांतले कोरे सुती कापड ‘मेरिकानी’, तर हिंदुस्थानाशी जोडलेले निळीत रंगवलेले गडद कापड ‘कानिकी’. हे दुसरे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा भेटेल.

३/
आता खाकी. ‘खाक’ म्हणजे धूळ, शब्द फारसी. १८४६ साली पेशावर येथे हॅरी लम्सडेन याने ‘गाईड्स’ ही पलटण उभारली आणि लाल कोटाऐवजी तिला मातकट वेश दिला. १८५७ च्या उठावात अनेक गोऱ्या पलटणींनीही आपले पांढरे कपडे हाताला लागेल त्या रंगात बुडवून मळकट करून घेतले. बोअर युद्धापर्यंत खाकी हा ब्रिटिश साम्राज्याचा रणवेश झाला होता.

हा वेश आफ्रिकेत पोहोचला तो हिंदुस्थानाच्या वायव्य सरहद्दीवरून. भूमीत विरघळून जावे आणि तिथल्या माणसांवर नेम धरावा, हा त्याचा मूळ हेतू.

४/
युरोपियांना उन्हाचे भय विलक्षण होते. चार्ल्स वुडरफ या अमेरिकी लष्करी डॉक्टरने १९०५ च्या ग्रंथात उष्ण कटिबंधातला प्रकाश गोऱ्या माणसाच्या मज्जासंस्थेला घातक असल्याचे मांडले. परिणामी पाठीच्या कण्यावर जाड गादीसारखी पट्टी बांधायची, कपड्यांना लाल फ्लॅनेलचे अस्तर लावायचे आणि डोक्यावर भेंडाची टोपी किंवा दुहेरी ‘तराई’ हॅट चढवायची (हे नाव हिमालयाच्या पायथ्याच्या तराईवरून). १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट यांची शिकारयात्रा निघाली, तेव्हा सोबत दोनशेहून अधिक हमाल होते. त्याच उन्हात ती माणसे ओझी वाहत होती, पण त्यांच्या कण्याची काळजी कुणाला नव्हती. शास्त्र तर चुकीचेच होते. पण आपण आणि ते वेगळे, हे दाखवण्याचे काम त्या पेहरावाने चोख बजावले.

५/
आता स्थानिकांचा वेश. १८९७ साली झांझिबारमध्ये गुलामीची कायदेशीर मान्यता रद्द झाली. तोवर दासी कोण आणि मालकीण कोण, हे कपड्यांवरून कळत असे. ती गडद, निर्बोल कानिकी दासींच्या अंगावर असे. मुक्त झालेल्या स्त्रियांनी ती टाकली आणि छापील, भडक रंगांचा ‘कांगा’ नेसला. पोर्तुगीज रुमालाचे नाव ‘लेन्सो’, त्यावरून ‘लेसो’. असे रुमाल एकत्र शिवून पहिला कांगा झाला, असे सांगतात. ‘कांगा’ म्हणजे गिनीफाउल, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी. पुढे या व्यवसायात हिंदी व्यापारी उतरले. मोंबासाचे कादरदिना हाजी इस्साक यांचे ‘माली या अब्दुल्ला’ हे छाप त्यांत गाजले.

कालपर्यंत जिला ‘दिसण्याचा’ अधिकार नव्हता, तिने आज दिसायचे ठरवले. खाकीच्या नेमके उलट.

६/
याच काळातली एक गायिका, सिती बिन्ती साद. गुलामांच्या कुळात जन्मलेली, मातीची भांडी विकणारी, पुढे ‘ताराब’ संगीताची सम्राज्ञी. १९२८ साली ती आपल्या वादकांसह ध्वनिमुद्रणासाठी आली, ती आपल्या मुंबईत. स्वाहिली गाण्यांच्या पहिल्यावहिल्या तबकड्यांत तिच्या गाण्यांचा समावेश होतो. मुंबईच्या ज्या बंदरातून बर्टन निघाला, त्याच शहरात बहात्तर वर्षांनी ती पाहुणी म्हणून उतरली. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही नोंद का नसावी, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

७/
आणि पर्यटकांच्या छायाचित्रांतली ती मसाईंची लाल शुका? मसाई पूर्वी कातडी पांघरत आणि अंगाला लाल गेरू फासत. कापडाने कातड्याची जागा हळूहळू विसाव्या शतकात घेतली. आज ‘अनादि परंपरा’ म्हणून विकली जाणारी चौकटीची शुका यंत्रमागावर विणली जाते.

पण तीवरही घाला आला होता. १९६७-६८ च्या सुमारास स्वतंत्र टांझानियाच्या सरकारने ‘ऑपरेशन ड्रेस-अप’ ही मोहीम काढली. नव्या राष्ट्रात शुका आणि गेरू म्हणजे मागासलेपण, मसाईंनी विजारी घालाव्यात, असा हुकूम. शहरांत पारंपरिक वेशात येण्यावर बंधने. साम्राज्य गेले, तरी कुणी काय नेसावे हे ठरवणारे आलेच. मोहीम विरली, शुका उरली.

नेमके त्याच १९६८ साली पॅरिसमध्ये इव्ह सँ लोराँ यांचे सफारी जॅकेट गाजत होते. मसाईंना त्यांच्या वेशाची लाज वाटायला लावली जात असताना शिकाऱ्याचा वेश फॅशन ठरत होता!

८/
सफारी सूटचे पुढचे वळण मजेशीर आहे. झांबियाचे केनेथ काउंडा यांनी टायला रजा देऊन असाच सूट अंगीकारला आणि तो ‘काउंडा सूट’ म्हणून आफ्रिकी स्वाभिमानाचे चिन्ह ठरला. आपल्याकडे तो साहेबी थाटाचा झाला. घरातल्या जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये एखादे काका त्यात सापडतीलच. २०२३ च्या नोव्हेंबरात केनियाच्या संसदेचे सभापती मोझेस वेटांगुला यांनी सभागृहात काउंडा सूट आणि पारंपरिक आफ्रिकी वेश यांना मनाई केली. टाय मात्र चालेल!

९/
मग बॅगेत काय भरावे? जंगलात मातकट रंग सोयीचे. धूळ दिसत नाही. गडद निळा आणि काळा टाळावा, कारण त्सेत्से माशी या रंगांकडे ओढली जाते; तिला पकडण्याचे सापळे त्याच रंगांच्या कापडाचे असतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत; युगांडा, झिम्बाब्वे अशा देशांत सामान्य नागरिकाने ते घालणे बेकायदा आहे. कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नयेत. केनियाने २०१७ पासून त्यांवर बंदी घातली आहे. शहरात साधे, नीटनेटके कपडे घालावेत. झांझिबारच्या जुन्या वस्तीत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

कांगा तिथेच घ्यावा. तो जोडीने विकला जातो आणि त्या जोडीचे नाव आजही ‘दोती’च आहे. मात्र अंगावर घेण्याआधी काठाशी छापलेल्या स्वाहिली वाक्याचा अर्थ दुकानदाराला जरूर विचारा. कुठे आशीर्वाद असतो, कुठे प्रेमाची कबुली, तर कुठे शेजारणीला किंवा सवतीला मारलेला सणसणीत टोमणा.