वर्गणीचे अजबघर

गावात देऊळ बांधायचे ठरले म्हणजे वर्गणीची वही निघते. शाळेसाठी निघते, तालमीसाठी निघते, गणपतीसाठी तर दरसाल निघते. पण अजबघरासाठी वर्गणी निघाली आणि लोकांनी ती हौसेने दिली, असे सांगितले तर वाचकांना थोडे नवल वाटेल. संग्रहालय म्हणजे सरकारने बांधायची आणि शाळेच्या सहलीने पाहायची वास्तू, असा आपला एक समज होऊन बसला आहे. तो समज दूर व्हावा, म्हणून भायखळ्याला राणीच्या बागेच्या दाराशी उभ्या असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची हकीकत सांगावी, असे मला फार दिवस वाटत होते. या संग्रहाचे दार आजवर चार वेळा उघडले आहे. म्हणजेच तीन वेळा ते बंद झाले होते, आणि खरी हकीकत त्या बंद दारांचीच आहे.

पॅरिसला १८५५ साली मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून कापड, भांडी, हस्तिदंती व लाकडी काम, धान्ये, खनिजे असे पुष्कळ काही गोळा झाले. वस्तू परदेशी गेल्या, पण त्यांची जोडी इथे ठेवून घ्यावी असा विचार निघाला. लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर होते. कोटातल्या जुन्या बराकींत या वस्तू मांडल्या गेल्या. मुंबईचे पहिले अजबघर ते हेच.

त्याला बाळसे धरायलाही सवड मिळाली नाही. १८५७ चा उठाव झाला आणि बराकी लष्कराला हव्या झाल्या. शिपायांना जागा करून देण्यासाठी वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या. कित्येक मोडल्या, कित्येक नाहीशा झाल्या. धामधुमीच्या काळात कुणाला मातीच्या मूर्तीची आणि धान्याच्या नमुन्यांची पर्वा असणार?

पर्वा असणारी माणसे निघाली, हे मुंबईचे भाग्य. त्यांतली तिघे मुख्य. एक नाना शंकरशेट, ज्यांच्याशिवाय त्या काळच्या मुंबईत एकही सार्वजनिक काम पार पडत नसे. दुसरे डॉ. भाऊ दाजी. गोव्याकडून आलेला हा बुद्धिमान मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडला. दिवसा रोगी तपासावेत, गरिबाला फुकट औषध द्यावे आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचावेत, नाणी पारखावीत, असा त्यांचा क्रम. अजिंठ्याच्या लेखांवरही त्यांनी काम केले. तिसरे डॉ. जॉर्ज बर्डवूड. ते जातीने इंग्रज, पण हिंदी कारागिरीवर त्यांचा मनापासून लोभ. १८५८ च्या डिसेंबरात सार्वजनिक सभा भरली. त्या दिवसांच्या रीतीप्रमाणे निमित्त राणी व्हिक्टोरियाचे होते, नावही तिचेच द्यायचे ठरले. पण थैल्या सोडल्या त्या मुंबईकरांनी. वर्गणी लाखाच्या वर गेली. मराठी, गुजराती, पारशी, यहुदी, इंग्रज अशा सगळ्यांचा पैसा त्यात होता. बागेच्या दारावरचा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या देणगीतला.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाचा दगड बसला. तिकडे अमेरिकेत यादवी पेटली होती. तिथला कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या आपल्या कापसासाठी मुंबईच्या तोंडाकडे पाहू लागल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र बुजवायच्या योजना आणि त्यांचे शेअर! शहाणीसुरती माणसेही त्या लाटेत वाहून गेली. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलैला हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. अजबघराचा निधी आटला आणि भिंती अर्ध्यावर थांबल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना शंकरशेट वारले. ज्या वास्तूसाठी त्यांनी खस्ता खाल्ल्या ती त्यांना पुरी झालेली दिसली नाही.

पुढे सरकारने काम हाती घेऊन तडीस नेले आणि २ मे १८७२ रोजी दार लोकांना उघडले. भाऊ दाजींनी तो दिवस पाहिला. दोनच वर्षांनी, १८७४ साली, तेही गेले.

आत गेल्यावर मला सर्वांत आवडतात ती मातीची चित्रे. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल बर्न्स आणि त्यांच्या मागून अर्नेस्ट फर्न हे अभिरक्षक असताना यांतली पुष्कळ घडली. गावगाडा, धंदे, खेळ, आणि नाना जातीजमातींच्या पगड्या व पागोटी! माणसांची अशी वर्गवारी मांडण्याची नजर साहेबाची होती, हे विसरू नये; पण हात इथले होते, आणि माती वळवणाऱ्या हाताला आपला माणूस बरोबर ठाऊक होता. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडणारा मुलगा इथे तासभर रमतो, ते उगाच नव्हे. बाहेर उभा आहे घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून त्याला पुन्हा उभे केले. मोडलेले जोडून उभे करणे हाच जणू या जागेचा धर्म!

स्वातंत्र्यानंतर, १९७५ साली, व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांच्या नावाची पाटी उतरली आणि भाऊ दाजींचे नाव चढले. नाव न्याय्य होते, पण नावाने छप्पर गळायचे थांबत नाही. ओल भिंतींत शिरली, रंग उडाले, वस्तूंवर धूळ बसली. अखेर २००३ साली मुंबई महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी करार केला. पालिकेची वास्तू, संस्थेचे जाणतेपण आणि प्रतिष्ठानचा पैसा, अशी ती भागी होती. संवर्धनाचे काम वास्तुतज्ज्ञ विकास दिलावरी यांनी पाहिले. २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली दार तिसऱ्यांदा उघडले. पुढे पुन्हा दुरुस्ती निघाली, दार मिटले, आणि २०२५ च्या आरंभी ते चौथ्यांदा उघडले.

यातून मला एक गोष्ट दिसते. लष्कराची निकड, शेअरबाजाराचा कोसळा आणि छपराची गळती ही तीन संकटे तीन तऱ्हांची. पण प्रत्येक वेळी दार उघडले ते 'हे आपले आहे' असे म्हणणारी चार माणसे पुढे आली म्हणून. हुकुमाने वास्तू बांधता येते, पण ती आपली वाटणे हुकुमाने येत नाही. आज गावोगावी लहान संग्रहालये डागडुजीसाठी कुलूप लावून बसलेली दिसतात. त्यांची कुलपे उघडतील तीही अशीच.

आणि वर्गणी काही पैशाचीच असते असे नाही. नुकतीच घरोघर दिवाळीची साफसफाई झाली असेल. माळ्यावरून आजोबांच्या मोडी चिठ्ठ्यांचे गाठोडे, पणजीचा पितळी पानाचा डबा, एखादा पिवळा पडलेला फोटो खाली आला असेल. कार्तिकी उन्हात ते सारे एकदा उलगडून पाहा. चिठ्ठ्या रद्दीवाल्याच्या तागडीत जाण्याआधी जवळच्या संग्रहालयात किंवा इतिहास मंडळात जाणत्या माणसाला दाखवा. फोटोच्या मागे कोण कोण आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आजच लिहून घ्या. उद्या सांगणारे कुणी उरणार नाही, आणि ती जागा मग कितीही वर्गणी जमवली तरी भरून यायची नाही.